दोन वॅक्सिंगच्या मध्ये रेझर फिरवला तर केस जाड येतात का?

‘मध्येच एकदा रेझर फिरवलास तर केस जाड आणि काळे येतील’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण शेव्हनंतर बोटांना खरंच खरखरीत लागतं.

पण केसाची जाडी आणि रंग ठरतात त्वचेखाली, मुळाशी. रेझर तिथपर्यंत पोहोचत नाही. तो कापतो तो वर आलेला निर्जीव भाग. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. कापल्यावर ते बोथट होतं आणि टोचतं. वॅक्सिंगमध्ये केस मुळापासून निघतो, नवा येताना निमुळतं टोक घेऊन येतो, म्हणून मऊ लागतो.

पडताळायचं असेल तर पायावरची छोटी जागा एकदा शेव्ह करा, शेजारची तशीच ठेवा. दोन-तीन महिन्यांनी दोन्हीकडचे केस त्वचेलगत भिंगातून पाहा.

तरी पार्लरमध्ये ‘शेव्ह करू नका’ म्हणतात, तेही बरोबरच आहे. कारण मात्र वेगळं: वॅक्सला पकडायला साधारण ६ मिलिमीटर केस लागतो. तोवर रोज मॉइश्चरायझर लावा. वॅक्सिंगनंतर दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग आठवड्यातून एक-दोनदा हलक्या हाताने स्क्रब करा, त्याने केस आत वळण्याचं प्रमाण कमी होतं. वळलाच तर चिमट्याने उकरू नका, डाग राहतो.

आणि हनुवटीवर अचानक राठ केस वाढू लागले, पाळीही अनियमित झाली, तर रेझरला दोष देत बसू नका. कारण हार्मोन्सचं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.