डेब ते फ्लॅटपॅक : लिनक्सवर ॲप पोचवण्याच्या वादाची पार्श्वभूमी

लिनक्सवर ॲप कोणत्या प्रकारच्या पॅकेजमधून, म्हणजे बसवायला तयार बांधलेल्या फाइलमधून, द्यावं यावर वाद आहे. डेब (उबुंटूसारख्यांचं) आणि आरपीएम (रेड हॅटसारख्यांचं) ही दोन्ही पॅकेजं नव्वदच्या दशकातली. डिपेंडन्सी, म्हणजे ॲपला लागणारी इतर पॅकेजं, आपणहून ओढून आणणारं ॲप्ट हे साधन त्या दशकाच्या शेवटी आलं. अडचण एकच राहिली: लिनक्सच्या दर आवृत्तीसाठी पॅकेज नव्याने बांधा. त्यावर उपाय म्हणून 2004 मध्ये ॲप एकाच फाइलीत देणारं 'क्लिक' (klik) निघालं, त्याचंच पुढे ॲपइमेज झालं. 2016 मध्ये वेगवेगळ्या लिनक्सवर तेच पॅकेज चालवणारे स्नॅप (उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीचं) आणि फ्लॅटपॅक लोकांपुढे आले.

खरी ठिणगी पडली ती क्रोमियम ब्राउझरवरून. उबुंटूच्या 20.04 (एप्रिल 2020) आवृत्तीत 'ॲप्ट इन्स्टॉल' म्हणून क्रोमियम मागवलं, तर डेबच्या नावाखाली स्नॅप येऊन बसायचं. कॅनॉनिकलचं म्हणणं असं, की दर आवृत्तीसाठी एवढा मोठा ब्राउझर वेगळा बांधणं परवडत नाही. ते खरंच आहे. पण मागणाऱ्याला न विचारता दुसरंच हातात ठेवणं रास्त नव्हतं, शिवाय स्नॅप स्टोअरचा सर्व्हर खुल्या स्रोताचा नाही. त्याच वर्षी उबुंटूवरच बेतलेल्या लिनक्स मिंटच्या 20 व्या आवृत्तीने ॲप्टमधून स्नॅपडी (स्नॅप चालवणारा प्रोग्रॅम) येण्याची वाटच बंद केली. तरीही उबुंटू 22.04 मध्ये फायरफॉक्स स्नॅपवर गेलंच.

सीमाभागात याची झळ कुठे लागते, ते बेळगाव, निपाणी, खानापूरच्या डीटीपीच्या दुकानांत बघावं. लग्नसराईत एकाच पत्रिकेवर मराठी आणि कन्नड मजकूर, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं. स्नॅपचं अपडेट आपोआप येतं. ते पुढे ढकलता यायचं. बेमुदत थांबवायची सोय 2022 च्या अखेरीस मिळाली. फ्लॅटपॅकमध्ये अपडेट आपल्या हाती असतं, पण पहिल्या ॲपबरोबर शेकडो एमबींचा रनटाइम (ॲप चालायला लागणाऱ्या सामायिक फायलींचा संच) उतरवावा लागतो. ॲपइमेज ही एकच फाइल, पेनड्राइव्हवरून दिली की झालं. मात्र उबुंटू 22.04 पासून बऱ्याच ॲपइमेजना लागणारी जुनी फ्यूज लायब्ररी (ती फाइल उघडून चालवायला लागणारा भाग) आधीपासून बसवलेली नसते, त्यामुळे अशा ॲपइमेजवर डबल क्लिक करून काहीच उघडत नाही.

दोन लिप्यांच्या कामात याहून मोठा प्रश्न टायपिंगचा. स्नॅप आणि फ्लॅटपॅक ॲपला सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी यंत्रणेपासून वेगळ्या कप्प्यात, चालवू शकतात; तिथल्या ॲपपर्यंत आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅमचा मजकूर आपोआप पोचत नाही. त्यासाठी आयबसमध्ये वेगळं पोर्टल, म्हणजे त्या कप्प्यात जाणारी वाट, घालावं लागलं. म्हणून इथे ॲप देणाऱ्याने पॅकेज बांधल्यावर मराठी आणि कन्नड इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाणित कळरचना) दोन्हीत 'क्ष' आणि 'ಕ್ಷ' टाइप करून बघावं, मगच फाइल गिऱ्हाइकाला द्यावी.