रेड ड्वार्फ: सातवा आणि आठवा सीझन एकाच पोत्यात भरू नका

रेड ड्वार्फचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो, "पहिले सहा बघ, सातवा-आठवा सोडून दे." मी पण हे ऐकून ते दोन सीझन कितीतरी दिवस लावलेच नव्हते, आणि मग एका पावसाळ्यात सलग बघितले तेव्हा लक्षात आलं की लोक ज्या दोघांना एकच समजून नावं ठेवतात ते एकमेकांसारखे अजिबातच नाहीयेत, उलट सातव्यात जे बिघडलंय ते आठव्यात बऱ्यापैकी ठीक आहे आणि आठव्यात जे हरवलंय ते सातव्यात शाबूत आहे.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८८ मध्ये बीबीसी टू वर सुरू झालेली ब्रिटिश सिटकॉम, रॉब ग्रँट आणि डग नेलर या दोघांनी लिहिलेली. लिस्टर नावाचा लिव्हरपूलचा एक आळशी पोरगा, मायनिंग शिपवरचा सगळ्यात खालचा कामगार, तीस लाख वर्षांनी जागा होतो तर माणूसजात संपलेली. सोबतीला मेलेला रूममेट रिमर (होलोग्राम होऊन), मांजरीपासून उत्क्रांत झालेला कॅट, आणि पुढे क्रायटन नावाचा रोबो. बस, एवढीच माणसं, आणि त्यातला खरा माणूस एकच.

आता गोंधळ का होतो ते. दोन्ही सीझन रॉब ग्रँट बाहेर पडल्यानंतरचे, दोन्ही आठ-आठ भागांचे (आधीचे सगळे सहा-सहाचे होते), दोन्हीत लिस्टरच्या जुन्या प्रेयसीच्या, कोचान्स्कीच्या, रोलमध्ये क्लोई अ‍ॅनेट, दोन्हीचा दिग्दर्शक एड बाय, आणि आले पण जवळजवळ, सातवा १९९७ ला आणि आठवा १९९९ ला. बाहेरून बघणाऱ्याला जुळे भाऊच वाटणार.

पण सातवा लावा आणि फक्त आवाज ऐका. काहीतरी वेगळं लागतं ना कानाला? पहिले सहा सीझन स्टुडिओत प्रेक्षक बसवून शूट व्हायचे, नट हशासाठी थांबायचे, त्या हशावर पुढचं वाक्य टाकायचे, सगळी लय त्यावर चालायची. सातव्याला प्रेक्षकच काढून टाकले, सिनेमासारखं शूट केलं, पिक्चरला फिल्मचा लूक दिला आणि मग तयार झालेले भाग प्रेक्षकांना दाखवून त्यांचा हशा रेकॉर्ड करून वरून चिकटवला. त्यामुळे जोक येतो, जातो, हसू नंतर येतं आणि दोघांची गाठच पडत नाही. फॅन लोक म्हणतात "सातवा मजेशीर नाहीये", माझं म्हणणं असं की लिखाणात जोक आहेत पण ते पडायला जमीनच नाहीये.

त्यात रिमर जातो. रिमर करणारा ख्रिस बॅरी पहिल्या दोन भागांत नीट आहे, दुसऱ्या भागात रिमर एस रिमर (समांतर विश्वातला त्याचाच शूर अवतार) बनून निघून जातो, आणि पुढे तो दिसतो तो फक्त आठवणीत, स्वप्नात नाहीतर व्हर्च्युअल रूपात. लिस्टर-रिमरची भांडणं हे या सिरीजचं इंजिन होतं आणि तेच काढून ठेवलं. बदल्यात समांतर विश्वातून कोचान्स्की येते, आणि क्रायटनला तिचा मत्सर वाटतो तो इतका वेळ चालतो की मला पण कंटाळा आला हे मान्य आहे. 'डक्ट सूप' तर अख्खा भाग पाइपांमधून रांगण्यात जातो.

तरीही सातवा मला आवडतो, आणि आवडतो म्हणजे मनापासून आवडतो, कारण सायन्स फिक्शन म्हणून त्यात डोकं आहे. 'ओरोबोरोस' मध्ये लिस्टरला कळतं की तो स्वतःचाच बाप आहे, लिव्हरपूलच्या पबमध्ये पूल टेबलाखाली ज्या खोक्यात बाळ म्हणून तो सापडला होता ते खोकं शेवटी त्यानेच ठेवायचं असतं. पोरकेपण सांगायची यापेक्षा चांगली टाइम ट्रॅव्हलची कल्पना मी तरी बघितलेली नाही. 'एपिडीम' मध्ये बडबड करणारा हुशार व्हायरस आहे, लिस्टरचा हात जातो त्यात.

आणि पहिला भाग 'टिक्का टू राइड'! करीचा साठा संपला म्हणून लिस्टर भूतकाळात जातो आणि चुकून केनेडींचा खून टळतो, सगळा इतिहास वाकडा होतो. लिस्टरचा जीव करीत आणि त्यातही विंदालूत अडकलेला, आणि विंदालू मुळात आपल्या गोव्याची ना, पोर्तुगीजांच्या दारू-लसणीच्या मांसातून आलेली, व्हिनेगर घालून आंबट केलेली. इंग्लंडच्या पबमध्ये जाऊन ती नुसती जाळजाळ तिखट झाली हा वेगळा विषय, पण माणूसजात संपल्यावर उरलेल्या शेवटच्या माणसाला गोव्याची आठवण येते हे मला दर वेळी आवडतं.

पण मला कुणी एकच भाग निवड म्हटलं तर 'ब्लू'. रिमर गेल्यावर लिस्टरला त्याची आठवण येते, खरी आठवण, आणि त्याचं त्यालाच ते पटत नाही. मग क्रायटन रिमरच्या डायऱ्यांवरून एक व्हर्च्युअल सफर बनवतो, रिमर किती थोर होता हे रिमरच्याच तोंडून, गाण्यासकट, आणि ती बघून लिस्टरची आठवण एका फटक्यात बरी होते. ज्या सीझनमधून रिमर काढला म्हणून लोक चिडतात त्याच सीझनने रिमर म्हणजे काय हे सगळ्यात नीट सांगितलंय.

आता आठवा. इथे प्रेक्षक परत आले, रिमर परत आला, नॉर्मन लव्हेटचा होली (जहाजाचा कॉम्प्युटर) पण पूर्णवेळ परत आला. नॅनोबॉट्सनी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म रोबोंनी, अख्खं जहाज पुन्हा बांधलं आणि त्यासोबत मेलेले सगळे कर्मचारी पण जिवंत केले, कॅप्टन हॉलिस्टरसकट, आणि आपल्या मंडळींवर खटला भरून त्यांना जहाजावरच्याच जेलमध्ये टाकलं. हशा खरा आहे, लिस्टर-रिमर पुन्हा एका खोलीत आहेत, आणि पहिल्या भागाला ऐंशी लाखांहून जास्त लोक बसले होते.

मग फॅन का चिडतात? माझ्या मते एकाच कारणाने, एकटेपणा गेला. तीस लाख वर्षं लांब, कुणीच नाही, या पोकळीतून सगळा विनोद यायचा, आणि आता कॉरिडॉरमध्ये गर्दी आहे, वॉर्डन आहेत, कँटीन आहे, मग ही कुठल्याही जेलची सिटकॉम झाली की. गोष्टी पण ताणलेल्या, 'बॅक इन द रेड' तीन भाग चालतं आणि त्यात एक यान चक्क नाचतं. 'पीट' मध्ये चिमणीचा डायनासोर होतो ते दोन भाग चालतं, आणि फॅन लोकांच्या याद्यांत हे दोन भाग बहुतेक वेळा तळाशी असतात, मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. 'क्रायटी टीव्ही' मध्ये बायकांच्या अंघोळीचं चोरून शूटिंग हा विनोद म्हणून येतो, ते मला तेव्हाही नको वाटलं आणि आताही नको वाटतं. एकटा 'कॅसँड्रा' भाग जुन्या दर्जाचा, भविष्य अचूक सांगणारा कॉम्प्युटर आणि स्वतःचं मरण टाळायला धडपडणारा रिमर. तो भाग सहाव्या सीझनमध्ये ठेवला असता तर कुणाला कळलं पण नसतं.

एक गोष्ट लोक हमखास मिसळतात म्हणून स्पष्ट लिहितो, दोन्ही सीझनमधला रिमर एक नाहीये. सातव्यातला होलोग्राम, सगळा प्रवास केलेला, हळूहळू थोडा मोठा झालेला, तो एस बनून गेला तो गेला. आठव्यातला नॅनोबॉट्सनी बनवलेला हाडामांसाचा रिमर, त्याने यातलं काही जगलेलंच नाही, तो पुन्हा पहिल्या सीझनसारखा कोरा आणि कोता. "रिमर परत आला" म्हणून खूश होणाऱ्यांना नंतर काहीतरी खुपतं ते हे, की आपण ज्याला सहा सीझन बघितलं तो हा नव्हेच.

आणि राग जो कमी-जास्त आहे त्यात वेळेचा पण हात आहे. सहावा सीझन १९९३ ला यान फुटून संपला होता, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त थांबून लोकांना सातवा मिळाला, म्हणजे निदान काहीतरी मिळालं, आणि त्याचं आवडलं नाही ते पचायला पुढे आठवा होता. आठव्याच्या शेवटी मात्र जहाज खाणारा जंतू, एकटा राहिलेला रिमर, न्यायला आलेला मृत्यू, रिमर त्याला गुडघा घालून पळतो आणि बास. पुढे सिनेमा येणार येणार म्हणत राहिले, तो आलाच नाही, आणि पुढचे भाग आले ते थेट २००९ ला दुसऱ्या चॅनेलवर. दहा वर्षं ज्यांच्याकडे तेवढं एकच शेवटचं दृश्य होतं त्यांनी आठव्यावर राग धरला तर मी समजू शकतो. आणि त्या जेलमधल्या रिमरचं पुढे नक्की काय झालं हे नंतरच्या भागांनी पण धड सांगितलेलं नाही.