मार्ककृत शुभवर्तमान

मार्ककृत शुभवर्तमान : बायबलच्या नव्या करारातील चार शुभवर्तमानांपैकी, म्हणजे येशूच्या चरित्रकथांपैकी, क्रमाने दुसरे, आकाराने सर्वांत लहान आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते काळाने सर्वांत जुने. अध्याय १६. मूळ भाषा कोइने, म्हणजे त्या काळी भूमध्य समुद्राभोवती व्यवहारात वापरली जाणारी ग्रीक. रचनाकाळ साधारणपणे इ.स. ६५ ते ७५ असा धरतात. यरुशलेमचे मंदिर रोमन सैन्याने इ.स. ७० मध्ये पाडले. त्या संकटाची छाया तेराव्या अध्यायावर आहे हे बहुतेकांना मान्य आहे. ती संकट येण्याआधीची की येऊन गेल्यानंतरची, यावर एकमत नाही.

मत्तय, मार्क आणि लूक ही तीन शुभवर्तमाने एका मुशीतली आहेत आणि योहानाचे अगदी वेगळे, हे कोणाही वाचकाच्या लवकर ध्यानात येते. पहिल्या तिघांत मार्कचे वेगळेपण मात्र सहज दिसत नाही, कारण त्याच्या मजकुरातला सुमारे नऊदशांश भाग मत्तयात या ना त्या रूपात आलेला आहे आणि लूकनेही निम्म्याहून अधिक घेतला आहे. उरलेले निराळे असे फारच थोडे : आपोआप वाढणाऱ्या बीजाचा दाखला, बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरे केल्याची गोष्ट, बेथसैदाचा आंधळा आणि आणखी काही तुटक ओव्या (बायबलमधील क्रमांक दिलेली वचने). एवढ्यावरून मोजमाप केले तर या पुस्तकाची गरजच काय, असे वाटेल. त्याचा स्वभाव कळतो तो एकच प्रसंग तिघांकडे शेजारीशेजारी ठेवून वाचल्यावर, विशेषतः इतर दोघांनी कुठे हात फिरवला आहे ते पाहिल्यावर.

सुरुवातीलाच एक फरक आहे. मार्कमध्ये येशूचा जन्म नाही. मत्तय अब्राहामापासूनची वंशावळ देतो, लूक ती थेट आदामापर्यंत नेतो, योहान तर सृष्टीच्या आधीपासून सुरुवात करतो. मार्कचा येशू नासरेथहून यार्देन नदीवर येतो तो मोठा झालेलाच. वसईपासून गोव्यापर्यंत नाताळच्या गोठ्यात जी मंडळी मांडली जातात, त्यांतले मेंढपाळ लूककडचे, पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी पुरुष) मत्तयाकडचे. मार्ककडून त्या गोठ्यात काहीही आलेले नाही. पुढे डोंगरावरचे प्रवचन नाही, प्रभूची प्रार्थना नाही, चांगला शोमरोनी नाही की उधळ्या पुत्राची गोष्ट नाही. शिकवण देणारा येशू इथे आहे, पण चालता-फिरता. प्रसंगामागून प्रसंग ‘लगेच’ या शब्दाला धरून येतात. हा शब्द पुस्तकात चाळीसएक वेळा आहे. वाक्ये ‘आणि’ने सुरू होतात, क्रियापदे भूतकाळातून एकदम वर्तमानकाळात उडी घेतात. लूकची ग्रीक शिकलेल्या माणसाची आहे. मार्कची तोंडाने गोष्ट सांगणाऱ्याची.

या लहान आकारामुळे एक गैरसमज शतकानुशतके टिकला. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर संत ऑगस्टीन यांनी मार्कला मत्तयाच्या मागून चालणारा आणि त्याचा संक्षेप करणारा ठरवले. या मताचा पगडा एवढा होता, की मार्कवर स्वतंत्र भाष्य लिहावे असे प्राचीन चर्चमध्ये जवळपास कोणाला वाटलेच नाही. संक्षेपाची ही कल्पना मजकुराशी ताडून पाहिली की टिकत नाही. पुस्तक लहान आहे, पण त्यातला एकेक प्रसंग इतरांपेक्षा लांब आहे. याईराची मुलगी आणि रक्तस्रावाने पीडित स्त्री यांची जोडकथा मार्कमध्ये २३ ओव्यांची आहे, मत्तयात ९. गरसेकरांच्या प्रदेशातल्या भूतग्रस्ताची कथा मार्कमध्ये २० ओव्यांची, मत्तयात ७. संक्षेप करणारा माणूस प्रवचने गाळून डुकरांच्या कळपाची संख्या (सुमारे दोन हजार) कशाला जपून ठेवेल? एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांनी चित्र उलटे केले. कार्ल लाखमन यांनी १८३५ मध्ये प्रसंगांच्या क्रमाकडे लक्ष वेधले, १८३८ मध्ये वाइसे आणि विल्के यांनी मार्कला आधीचा ठरवले आणि १८६३ मध्ये होल्त्समान यांनी त्या मांडणीला पक्के रूप दिले : मत्तय आणि लूक या दोघांच्याही समोर मार्क होता आणि त्याशिवाय येशूच्या वचनांचा, आज हाती नसलेला, एक संग्रह होता. या संग्रहाला ‘क्यू’ म्हणतात. हे मत आज बहुमान्य असले तरी एकमुखी नाही. मत्तयाला आधीचा मानणारा लहानसा पक्ष अजून आहे.

सरोवरावरच्या वादळाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मार्क सांगतो, की संध्याकाळ झाली होती, येशू होता तसाच मचव्यात बसून निघाला, बरोबर दुसरेही मचवे होते. (या दुसऱ्या मचव्यांचे पुढे काय झाले ते तो सांगत नाही. वादळात ते कुठे गेले कोण जाणे.) लाटा आत येऊन मचवा भरू लागला आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता. शिष्य त्याला उठवतात ते चिडून : गुरुजी, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काही पर्वा नाही का? मत्तयात उशी नाही, दुसरे मचवे नाहीत आणि शिष्यांच्या तोंडी आहे ती प्रार्थना : प्रभो, वाचवा, आम्ही बुडतो आहोत. लूकमध्ये नुसती हाक उरते. शिष्यांना मिळणारे बोलही बदलतात. मार्कचा येशू विचारतो, तुम्हांला अजून विश्वास नाही काय; मत्तयाचा येशू त्यांना अल्पविश्वासी म्हणतो. अजिबात नसण्यापेक्षा थोडा असणे बरे. गुरूशी असे बोलणारे शिष्य पुढच्या पिढीतल्या लेखकाला अवघड वाटले असणार. तक्रारीची प्रार्थना कशी झाली हे समजते, पण प्रार्थनेची कोणी मुद्दाम तक्रार केली असेल हे मनाला पटत नाही.

अशा जागा अनेक आहेत. नासरेथचे लोक मार्कमध्ये येशूलाच सुतार म्हणतात, मत्तयात तो सुताराचा मुलगा होतो. मार्क लिहितो, की तिथे त्याला काही रोग्यांवर हात ठेवण्यापलीकडे कोणतेही महत्कृत्य करता येईना. मत्तय लिहितो, की त्यांच्या अविश्वासामुळे त्याने तिथे फारशी महत्कृत्ये केली नाहीत. करता न येणे आणि न करणे, एवढ्यात धर्मशास्त्राचा सगळा पेच आहे. याकोब आणि योहान राज्यात उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात हे मार्क सरळ सांगतो, मत्तयात ही मागणी त्यांची आई करते. बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेल्या बाईबद्दल मार्क म्हणतो, की तिने पुष्कळ वैद्यांच्या हातून हाल सोसले, होते नव्हते ते खर्च केले आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढले. परंपरेने वैद्य मानला जाणारा लूक ते शेवटचे वाक्य घेत नाही. येशूला वेड लागले आहे असे समजून घरचे लोक त्याला धरायला निघाले, ही तिसऱ्या अध्यायातली ओवी मात्र दोघांनीही पार वगळली. मार्कचा येशू रागावतो, खिन्न होतो, उसासा टाकतो, एका श्रीमंत माणसाकडे पाहून त्याच्यावर प्रेम करतो. मत्तय आणि लूक या भावनांतल्या बऱ्याच पुसून टाकतात.

एका गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट, पोळीत पुरण भरावे तशी, घालण्याची मार्कला हौस आहे आणि ती नुसती हौस नाही. येशूला भूक लागते, तो अंजिराच्या झाडाकडे जातो, पानांखेरीज काही नसते, तो झाडाला शाप देतो. मग मंदिरात जाऊन तो सराफांचे चौरंग पालथे घालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी झाड मुळापासून वाळलेले दिसते. मधली आणि कडेची गोष्ट एकमेकींचा अर्थ लावतात : पाने भरपूर, फळ नाही, हे झाडाबद्दल आहे तसेच मंदिराबद्दलही. मत्तयात झाड तिथल्या तिथे वाळते, त्यामुळे चमत्कार मोठा होतो आणि जोडणी तुटते. लूक हा शाप घेतच नाही. तो अंजिरांचा मोसम नव्हता, हे वाक्य मार्कने टाकून ठेवले आहे आणि त्यावर भाष्यकारांनी आजवर बरीच शाई खर्च केली आहे.

पुस्तकाचा कणा आठव्या अध्यायात आहे. तोवर येशू कोण हे भुतांना कळलेले असते, माणसांना नाही. आणि ज्यांना कळते त्यांना तो कोणाला सांगू नका अशी ताकीद देतो. या गुप्ततेवर जर्मन अभ्यासक विल्हेल्म व्रेडे यांनी १९०१ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की येशूला ख्रिस्त, म्हणजे देवाने अभिषेक केलेला तारणारा, मानले जाऊ लागले ते त्याच्या मृत्यूनंतर. हयातीत तसा डंका का वाजला नाही याचे उत्तर म्हणून गुप्ततेची कल्पना कथेत आली. तोवर मार्ककडे भाबडा, म्हणून विश्वासार्ह वृत्तांतकार म्हणून पाहिले जाई. व्रेडे यांच्यानंतर तो विचारपूर्वक रचना करणारा लेखक ठरला. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांनी स्वीकारला नाही, पण तो प्रश्न टाळून कोणाला पुढे जाता आले नाही. याच अध्यायात बेथसैदाचा आंधळा येतो. येशू त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो आणि काय दिसते असे विचारतो. माणसे दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी, असे तो सांगतो. मग दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर त्याला स्वच्छ दिसू लागते. दोन टप्प्यांत झालेले हे एकच बरे करणे चारही शुभवर्तमानांत एकट्या मार्ककडे आहे. पाठोपाठ शिष्यांतला प्रमुख पेत्र येशूला ख्रिस्त म्हणतो आणि लगेच, दुःख सोसावे लागेल हे ऐकून, त्यालाच दटावू लागतो. पेत्राचीही दृष्टी अर्धीच उघडलेली आहे. येथून पुढे येशू तीनदा आपल्या मृत्यूचे भाकीत करतो आणि तिन्ही वेळा शिष्य भलतेच काही बोलतात. अकराव्या अध्यायापासून शेवटपर्यंत फक्त यरुशलेममधला अखेरचा आठवडा आहे, म्हणजे पुस्तकाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग.

वधस्तंभावर लूकच्या येशूला क्षमेचे शब्द आहेत, योहानाचा येशू काम पूर्ण झाल्याचे सांगून प्राण सोडतो. मार्ककडे एकच वाक्य आहे, तेही अरामी भाषेत : एलोई, एलोई, लमा सबखथनी. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मत्तयाने ते ठेवले, बाकीच्या दोघांनी नाही. हे जुन्या करारातल्या बाविसाव्या स्तोत्राचे पहिले चरण आहे आणि त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, अशी समजूत काढली जाते. मार्क तो शेवट देत नाही.

त्याच्या स्वतःच्या पुस्तकाचा शेवट हा तर वेगळाच विषय. चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत मजकूर सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबतो : कबर रिकामी आहे, शुभ्र वस्त्रातला तरुण निरोप देतो, स्त्रिया थरथरत पळतात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. पुनरुत्थित येशू दिसतच नाही. पुढच्या बारा ओव्या, म्हणजे प्रकट होणे, स्वर्गारोहण वगैरे, शैलीने आणि शब्दांनी निराळ्या आहेत. तरी त्या जुन्याच, कारण इ.स. १८० च्या सुमारास धर्माचार्य इरेनेयस त्यांतले वचन मार्कचे म्हणून देतात. काही प्रतींत याहून आटोपशीर, दोन वाक्यांचा शेवट आढळतो. म्हणजे पुस्तक अपुरे वाटणारे वाचक फार लवकर निपजले. मूळ शेवट हरवला की मार्कने मुद्दाम तिथे थांबवले, यावर वाद आहे. इतक्या ठिकाणी वाचकाला अडचणीत टाकणारा हा लेखक, त्याने मुद्दामच थांबवले असण्याची शक्यता मला अधिक वाटते. जोडलेल्या भागातील साप हातांत धरण्याच्या वचनावरून अमेरिकेतील ॲपलाचियन डोंगराळ भागात काही चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापासून उपासनेत विषारी साप हाताळतात आणि त्यात माणसे दगावली आहेत.

लेखकाचे नाव मजकुरात कुठेही नाही. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील हिएरापोलिसचे बिशप पापियास यांचे म्हणणे चर्चचे इतिहासकार युसेबियस यांनी जपून ठेवले आहे : मार्क हा पेत्राचा दुभाषी होता, त्याने आठवले ते नेमके लिहिले, पण क्रमाने नाही. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येणारा योहान-मार्क तो हाच असे परंपरा मानते. वाचक यहूदी नव्हते हे मात्र उघड आहे. हात धुण्याच्या यहूदी रिवाजाचा खुलासा करावा लागतो, ‘तलीथा कूम’, ‘अब्बा’ यांचे अर्थ द्यावे लागतात आणि विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे क्षुद्र नाण्यांची, किंमत रोमन नाण्यात सांगावी लागते. म्हणून रोम हे रचनास्थळ सुचवले जाते. सिरियाच्या बाजूचे लोकही कमी नाहीत. येशूचा वधस्तंभ वाहणारा कुरेनेकर शिमोन हा आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप, अशी ओळख मार्क करून देतो. ही दोन नावे बाकी कोणी देत नाही. पहिल्या वाचकांना ती मुले माहीत असावीत.

सिंह हे मार्कचे चिन्ह बायबलचे लॅटिन भाषांतरकार जेरोम यांच्यामुळे रूढ झाले, इरेनेयस यांनी त्याला गरुड दिला होता. इजिप्तचे कॉप्टिक चर्च मार्कला आपला संस्थापक मानते. त्याचे अवशेष ८२८ मध्ये आलेक्सांद्रियाहून व्हेनिसला नेले गेले असे सांगतात आणि तिथला पंख असलेला सिंह त्याचाच. मिस्सेतल्या, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या, वाचनांत मार्कला खरा वाटा मिळाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५). १९६९ मध्ये आलेल्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात ‘ब’ वर्ष त्याचे आहे. २०२४ हे असे वर्ष होते. मजकूर वर्षभराच्या रविवारांना पुरत नाही, म्हणून मधले पाच रविवार योहानाच्या सहाव्या अध्यायाला दिलेले आहेत.