फुलबाजी कायद्यात कशी अडकली

१८८४चा स्फोटके अधिनियम दिवाळीसाठी झालेला नाही. स्फोटक पदार्थांचं उत्पादन, साठा, विक्री आणि वाहतूक आवरायला तो आला आणि फटाके ओघानं त्यात बसले. त्याखालचे २००८चे नियम आजही मुख्यतः आगीकडेच बघतात. हंगामी स्टॉल न जळणाऱ्या सामानाचा हवा, दोन स्टॉलमध्ये किमान ३ मीटर अंतर हवं, एका ठिकाणी ५०पेक्षा जास्त स्टॉल नकोत. तोंडं समोरासमोर तर मुळीच नकोत, कारण पेटलेल्या दुकानातून सुटलेला बाण सरळ समोरच्या मालात घुसतो.

कानाचा विचार व्हायला १९९९ उजाडलं. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल ही मर्यादा ठरली. माळेला वेगळं गणित लागलं: फटाक्यांच्या संख्येचा लॉगॅरिदम (शंभरचा २, हजारचा ३) गुणिले ५, एवढे डेसिबल वजा. शंभरच्या माळेतल्या प्रत्येक फटाक्याला ११५, हजारच्या माळेत ११०. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्री १० ते सकाळी ६ आवाजी फटाके बंद केले.

आवाजाच्या या सगळ्या नियमांतून फुलबाजी सुटली. ती फुटतच नाही, मोजणार काय? लोखंडी तारेवर ॲल्युमिनियमची पूड, लोखंडाचा कीस, चिकटायला डेक्स्ट्रिन, आणि जळायला ऑक्सिजन पुरवणारं बेरियम नायट्रेट. बेरियम म्हटलं की हिरवा रंग आठवतो, पण इथे त्याचं खरं काम ऑक्सिजन देण्याचं. ते हवेतली ओल फारशी धरत नाही, म्हणून कारखानदारांचं लाडकं. धूर मात्र पोराच्या थेट नाकाशी.

सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८च्या निकालानं नेमकं तेच पकडलं. बेरियमचे क्षार बंद, माळा बंद, ऑनलाइन विक्री बंद. परवानगी फक्त कमी धुराच्या ‘हरित’ फटाक्यांना. त्यांची सूत्रं नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं बसवली, मंजुरी नागपूरच्याच पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्रीय यंत्रणेची. बेरियम कमी प्रमाणात तरी वापरू द्या, ही उत्पादकांची मागणी २०२३मध्ये फेटाळली गेली.

त्याच निकालानं दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ नेमून दिली. तमिळनाडूनं पहाटेची प्रथा पुढे केली, तेव्हा आठवड्याभरात वेळ बदलायची मुभा मिळाली, मात्र दिवसाला दोनच तास. तिथे सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी ७ ते ८ ठरलं. आपल्या नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाआधी उजाडायच्या आत वाजणारा सुतळी बॉम्ब मात्र २००५च्या बंदीतच येतो.