बिटकॉइनचे विस्मरणात गेलेले पहिले कारागीर : शोधाची पार्श्वभूमी

बिटकॉइनच्या इतिहासाचा विषय नागपुरात निघाला की तो बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबतो. एक सातोशी नाकामोतो, बिटकॉइनचा टोपणनावाने वावरलेला निर्माता, ज्याची खरी ओळख आजवर सिद्ध झालेली नाही. दुसरा लॅझ्लो हान्येच, ज्याने २२ मे २०१० रोजी दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन मोजले. उरलेली चर्चा दराची, २०२२ पासून लागू झालेल्या ३० टक्के कराची, नाहीतर आभासी चलनाच्या नावाखाली शहरात झालेल्या फसवणुकीची असते. ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्यासमोर या तंत्राच्या घडणीत कोणाचे किती श्रम आहेत, हा प्रश्न काढणे थोडे निर्दयच वाटते. मात्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी आता ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या मुळाशी असलेल्या, एकमेकींत गुंफलेल्या नोंदींच्या खातेवहीवर, प्रकल्प करू लागले आहेत आणि त्यांच्या अहवालातला इतिहास बहुधा सातोशीवरच्या एका परिच्छेदात आटोपतो. त्या परिच्छेदात न मावलेल्या माणसांचा शोध कसा घेता येतो आणि तो अवघड का झाला, याची ही पार्श्वभूमी आहे.

विस्मरणाची सुरुवात बिटकॉइनची कल्पना मांडणाऱ्या सातोशीच्या मूळ निबंधापासूनच होते. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्या नऊ पानी निबंधात अवघे आठ संदर्भ आहेत, आणि त्यांतले तीन स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा या जोडीच्या कामाचे आहेत. दस्तऐवजांवर कालमुद्रा उमटवून त्या एकमेकींत गुंफण्याची पद्धत या दोघांनी १९९१ मध्ये मांडली होती, आणि १९९५ पासून त्या साखळीचा गोषवारा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापला जात होता. ब्लॉकचेनचे इतके जवळचे पूर्वज असूनही सामान्य वाचकाला ही नावे ठाऊक नसतात. ज्यांचा संदर्भच दिला गेला नाही, त्यांची अवस्था याहून वाईट आहे. संगणकाला थोडे कष्ट करायला लावून नको असलेल्या ईमेलना आळा घालण्याची कल्पना सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये मांडली; निबंधात त्याच धर्तीच्या अ‍ॅडम बॅक यांच्या हॅशकॅशचा उल्लेख आहे, या दोघांचा नाही. डिजिटल पैशाच्या कल्पना आधीच मांडणाऱ्या डेव्हिड चॉम आणि निक सॅबो यांची नावेही त्या यादीत नाहीत. ही चोरी म्हणता येणार नाही, कारण बॅक यांनी सांगेपर्यंत सातोशीला वेई दाई यांची बी-मनी ही डिजिटल चलनाची योजनाही ठाऊक नव्हती, असे उपलब्ध पत्रव्यवहारावरून दिसते. पण अभ्यासकाने संदर्भांच्या यादीलाच वंशावळ मानू नये, एवढे यातून नक्की होते.

हॅल फिनी यांचे नाव त्या मानाने टिकले. संगणकाने केलेल्या कष्टाचा पुरावा पुन्हा वापरता येईल अशी प्रणाली त्यांनी २००४ मध्येच लिहिली होती. १२ जानेवारी २००९ रोजी सातोशीने पाठवलेले दहा बिटकॉइन त्यांना मिळाले आणि तो या जाळ्यावरचा एका व्यक्तीकडून दुसरीकडे झालेला पहिला व्यवहार ठरला. त्याच वर्षी त्यांना चेतासंस्थेचा असाध्य आजार असल्याचे निदान झाले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नंतर आलेला मार्टी मालमी मात्र बराच काळ तळटिपेत राहिला. हेलसिंकीत शिकणारा हा विद्यार्थी मे २००९ च्या सुमारास कामाला लागला, तेव्हा सातोशीला सोबत करणारे फारसे कोणी उरले नव्हते. त्याने नवख्यांसाठी प्रश्नोत्तरे लिहिली, प्रकल्पाचे संकेतस्थळ सांभाळले, लिनक्सवर चालणाऱ्या आवृत्तीसाठी कोड लिहिला. १२ ऑक्टोबर २००९ रोजी त्याने ५,०५० बिटकॉइन ५.०२ डॉलरना विकले. त्याची कहाणी सांगताना लोक हा व्यवहार आधी सांगतात आणि हळहळतात. कोडचा उल्लेख राहून जातो.

कोडच्या नोंदी तपासाव्यात, असे कोणीही म्हणेल. अडचण अशी की त्या नोंदींची पहिली ओळ ३० ऑगस्ट २००९ ची आहे आणि ती मालमीच्या ‘सिरियस-एम’ या टोपणनावाने आहे. जानेवारीत कोड प्रसिद्ध झाल्यापासून तोवरच्या जवळजवळ आठ महिन्यांत कोणी काय बदलले, हे त्यातून कळत नाही. पुढचा काळही सरळ नाही. प्रकल्प तेव्हा सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर, सबव्हर्जन या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या व्यवस्थेत ठेवला जात असे, आणि सबव्हर्जन बदल नोंदवणाऱ्याचेच नाव लिहिते. बदल मुळात लिहिणाऱ्यासाठी तिथे वेगळा रकाना नाही. नागपूरच्या शासकीय अभिलेखागारात मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काळातल्या फायली चाळणाऱ्याला टिपणीखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरे शोधायची सवय असते. इथे कारकुनाची आद्याक्षरे नाहीत, केवळ शेवटच्या अधिकाऱ्याची सही आहे, असे समजावे. एखाद्याने ईमेलने पाठवलेला पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, सातोशीने किंवा प्रकल्पातले विकासक गॅव्हिन अ‍ॅन्ड्रेसन यांनी नोंदवला, की नोंदीत नाव त्यांचे लागले. लेखक आणि नोंदवणारा यांची नावे वेगळी ठेवणारी गिट प्रणाली २०१० च्या अखेरीपासून प्रकल्पात आली, पण आधी हरवलेली नावे तिने परत आणली नाहीत. ती सापडलीच तर नव्या आवृत्तीसोबतच्या निवेदनांतल्या आभाराच्या ओळींत सापडतात.

या काळातला सर्वांत विलक्षण माणूस आर्टफोर्झ या टोपणनावाने वावरत होता. ग्राफिक्स कार्डांवर मोठ्या प्रमाणात मायनिंग, म्हणजे संगणकाच्या कष्टाने नवे बिटकॉइन मिळवण्याचे काम, करणाऱ्या पहिल्या काहींपैकी तो एक. जुलै २०१० च्या अखेरीस त्याला प्रणालीच्या स्क्रिप्ट भाषेत, म्हणजे बिटकॉइन कोणाला खर्च करता येतील हे ठरवणाऱ्या नियमांच्या भाषेत, असा दोष सापडला, की तो जाणणारा कोणीही कोणाच्याही खात्यातले बिटकॉइन खर्च करू शकला असता. त्याने तो वापरला नाही. गुपचूप सातोशीला कळवले, घाईने दुरुस्त आवृत्ती निघाली आणि प्रकरण मिटले. काहीच घडले नाही, हेच त्याच्या कामाचे फलित, आणि म्हणूनच ते कथेत येत नाही. दोन आठवड्यांनी घडलेले प्रकरण मात्र सर्वांना ठाऊक आहे, कारण तिथे दोषाचा वापर झाला. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे खातेवहीतल्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात, १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन हवेतून निर्माण झाले, विकासक जेफ गार्झिक यांनी तो विचित्र ब्लॉक निदर्शनास आणला आणि काही तासांत नवा कोड आला. माझ्या मते पहिले प्रकरण अधिक महत्त्वाचे आहे, कारण एकूण दोन कोटी दहा लाखांची मर्यादा कोणी मोडली तर ती साऱ्या जगाला दिसते, पण मालकीच्या नियमातले भगदाड कोणाच्या लक्षात येण्याआधी बरेच काही गेलेले असते.

जे कोड नव्हते, ते आणखी लवकर विसरले गेले. ‘न्यू लिबर्टी स्टँडर्ड’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने ५ ऑक्टोबर २००९ रोजी विजेच्या खर्चावरून पहिला दर काढला, एका डॉलरला १,३०९.०३ बिटकॉइन; लिनक्स आवृत्तीच्या चाचणीतही तिची मदत झाली. जुलै २०१० च्या आवृत्तीसोबत जर्मन, डच आणि इटालियन भाषांतरे करणाऱ्या तिघांचे आभार केवळ टोपणनावांनी मानलेले आहेत. आज सर्वत्र दिसणारे नारिंगी, किंचित तिरपे चिन्ह १ नोव्हेंबर २०१० रोजी ‘बिटबॉय’ने दिले. आणि लॅझ्लो हान्येच? त्याने मॅक संगणकांसाठीची आवृत्ती तयार केली आणि ग्राफिक्स कार्डांवरच्या मायनिंगची वाट मोकळी केली. त्याच्या वाट्याला पिझ्झा आला.

असे का झाले, याचे मोठे कारण किंमत हे आहे. दर चढत गेला तसा प्रत्येक जुन्या व्यवहाराला आजच्या भावाने गुणायचा छंद लागला आणि इतिहास हा हुकलेल्या श्रीमंतीचा हिशोब बनला. दुसरे कारण सातोशीच्या शोधाचा हव्यास. त्या हव्यासात २०१४ मध्ये न्यूजवीकने कॅलिफोर्नियातल्या एका निरपराध गृहस्थाच्या दारात पत्रकारांची गर्दी उभी केली. आपणच सातोशी असल्याच्या क्रेग राइट यांच्या दाव्याने तर वर्षानुवर्षे न्यायालयांचा वेळ खाल्ला. अखेर १४ मार्च २०२४ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मेलर यांनी ते सातोशी नसल्याचे जाहीर केले. या खटल्याचा एक अनपेक्षित लाभ असा, की मालमी याने साक्षीच्या निमित्ताने सातोशीशी झालेला आपला जुना पत्रव्यवहार फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला केला आणि २००९ मधली रोजची कामे प्रथमच इतक्या तपशिलाने दिसली.

पुराव्याची प्रतवारीही याच वादातून स्पष्ट झाली. राइट यांनी स्वतःचे म्हणून सांगितलेल्या १४५ बिटकॉइन पत्त्यांच्या (म्हणजे खात्यांच्या) खासगी किल्ल्यांनी, म्हणजे फक्त मालकाकडे असणाऱ्या गुप्त संकेतांनी, मे २०२० मध्ये कोणीतरी एक संदेश स्वाक्षरीत केला, आणि त्यात त्यांना लबाड म्हटले होते. अशी स्वाक्षरी बनावट करता येत नाही, म्हणून तिचा दर्जा सर्वांत वरचा. त्याखाली त्या त्या वेळची पत्रे आणि निवेदने येतात. दहा वर्षांनी दिलेल्या मुलाखती बऱ्याच खाली, कारण तोवर सांगणाऱ्यालाही आपल्या आठवणींची किंमत कळलेली असते.

नागपुरात बसून हे काम करायला प्रवासखर्च लागत नाही. कोडचा संपूर्ण इतिहास आणि ३ जानेवारी २००९ पासूनची व्यवहारांची सारी खातेवही साध्या संगणकावर उतरवून घेता येते. खातेवहीसाठी मोठी हार्ड डिस्क आणि थोडा धीर हवा. विद्यार्थ्यांनी सुरुवात २००९ आणि २०१० मधल्या आवृत्त्यांच्या आभाराच्या ओळींपासून करावी, मग प्रत्येक नाव कोडमधल्या बदलाशी जुळवून पाहावे. आर्टफोर्झसारख्या ज्यांनी आपले नाव कधी दिले नाही, त्यांच्या टोपणनावामागचा माणूस शोधण्याचा मोह टाळावा आणि नावाच्या रकान्यात त्यांनी निवडलेले टोपणनावच लिहावे.