मानसिक आघातावर संशोधन करणाऱ्यांच्या पाठीशी कोण?

स्फोट, पूर, बलात्कार, रेल्वे अपघात. अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसाला लगेच समोर बसवावं, घडलेलं सगळं बोलतं करावं, म्हणजे मन मोकळं होईल, असं आपल्याला वाटतं. तज्ज्ञांनाही वाटायचं. 'डीब्रीफिंग' नावाची ही पद्धत अनेक देशांत वापरली गेली. पुढे संशोधकांनी रुग्णांचे दोन गट करून ती तपासली, तेव्हा एका बैठकीतल्या अशा बोलण्याने नंतरचा मानसिक आजार टळत नाही, हे दिसलं. काही अभ्यासांत तर बोलतं केलेल्यांचाच त्रास जास्त निघाला. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. चांगल्या मनाने केलेले उपचारसुद्धा तपासावे लागतात, ते यासाठीच.

मुंबईत आघाताचे परिणाम आणि उपचार तपासायचं काम बरेचदा नवख्यांच्या अंगावर येतं. एमडीचा प्रबंध करणारा निवासी डॉक्टर, नुकतीच एमएसडब्ल्यू होऊन संस्थेत लागलेली मुलगी. त्यांची पहिली अडचण वेळेची. आघातानंतरच्या तणावविकाराचं, म्हणजे पीटीएसडीचं, निदान करायला लक्षणं महिन्याहून जास्त टिकलेली असावी लागतात. म्हणजे कॅज्युअल्टीत भेटलेला रुग्ण पुन्हा गाठायला हवा. पण लोकलखाली पाय गेलेला तरुण डिस्चार्ज मिळताच गावी जातो. मार खाऊन आलेल्या बाईने दिलेला नंबर नवऱ्याच्या खिशातल्या मोबाइलचा असतो. त्या नंबरवर "मारहाणीबद्दल विचारायचं होतं" एवढं बोललं, तरी रात्री तिला पुन्हा मार बसू शकतो.

घरातल्या हिंसेवर संशोधन कसं करावं, याच्या सूचना जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्येच दिल्या आहेत. वस्तीत पाहणीचं नाव 'बायकांचं आरोग्य' असं काहीतरी साधं ठेवायचं. एका घरातल्या एकाच बाईशी बोलायचं. मध्येच कुणी आलं तर पाळी किंवा बाळाच्या दुधाबद्दलचे प्रश्न तयार ठेवायचे आणि लगेच तिकडे वळायचं. यातली पहिली अट एकांताची. धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सासू पडद्यामागे आणि शेजारीण उंबऱ्यात असताना तो आणायचा कुठून? मग दुपारी बालवाडी रिकामी झाल्यावर किंवा दवाखान्यातली एखादी खोली मागून बोलावं लागतं. ही समज छापील प्रश्नावलीतून येत नाही. ज्याने हे काम केलंय, त्याच्याबरोबर वस्तीत जाऊनच ती येते.

समोरचा माणूस सांगतो ते सलग नसतं, हेही नवख्याला आधीच सांगायला हवं. जिवावर बेततं तेव्हा मेंदूतला भीतीची दखल घेणारा भाग, अमिगडला, जोरात कामाला लागतो आणि त्या क्षणाचे काही तपशील खोल कोरले जातात. मात्र काय आधी, काय नंतर, हा संदर्भ जुळवण्यात ज्याचा मोठा वाटा असतो त्या हिप्पोकॅम्पसचं काम विस्कटू शकतं. त्यामुळे डिझेलचा वास आठवतो, वेळ आठवत नाही. अशा मुलाखतीवर 'उत्तरं विसंगत' असा शेरा मारून ती बाजूला टाकली, तर कदाचित सगळ्यात जास्त होरपळलेली माणसंच अभ्यासातून गळतात. मग निष्कर्षही चुकतो. मला ही हानी फार मोठी वाटते, कारण ती कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

आणि ऐकणाऱ्याचं काय? दिवसभर अशा हकिकती लिहून घेतल्यावर स्वतःचीही झोप उडते, चिडचिड होते. दुसऱ्याचा आघात ऐकणाऱ्यालाही लागतो, हे संशोधनातून दिसलेलं आहे. 2001 च्या त्या सूचनांत संशोधक चमूला खास प्रशिक्षण आणि सतत आधार द्या, असंही म्हटलंय.

आपल्याकडे याचा धडा आहेच. 2000 च्या सुमारास आरोग्यावर संशोधन करणारी 'सेहत' संस्था आणि महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तिथे बाहेरून भाषणं आणण्यापेक्षा रुग्णालयातल्याच डॉक्टर-परिचारिकांना शिकवून प्रशिक्षक केलं गेलं. पुढे हे काम शहरातल्या इतर पालिका रुग्णालयांतही गेलं. नव्या संशोधकाला असा हाताशी असलेला जाणता माणूस लागतो.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समित्या संमतीपत्रकाचा शब्दन् शब्द तपासतात. त्याच बैठकीत त्यांनी एवढं विचारावं: संशोधन करणाऱ्या या नवख्या मुलीचं दर आठवड्याला कोण ऐकून घेणार, वस्तीत पहिल्यांदा तिच्याबरोबर कोण जाणार, आणि रुग्णाला पुन्हा भेटायला जाण्याचं भाडं खर्चात धरलंय का?