स्टेंट: साधा की मेडिकेटेड?

फेब्रुवारी 2017 पर्यंत कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीच्या, दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना काही मिनिटांत ठरवावं लागायचं, की हृदयाची धमनी उघडी ठेवणारी नळीसारखी जाळी, म्हणजे स्टेंट, कोणता टाकायचा. साधा सरासरी पंचेचाळीस हजारांना, मेडिकेटेड (औषधाचा लेप दिलेला) सव्वा लाखाच्या घरात. माणूस आत टेबलावर असताना ‘स्वस्तातला टाका’ म्हणायला जीभ रेटायची नाही. मग दागिने मोडले जायचे, कर्ज काढलं जायचं.

या फरकाचं मूळ उपचाराच्या इतिहासात आहे. 1977 मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याने हृदयाची धमनी रुंद केली, पण अशा धमन्या अनेकदा पुन्हा आकसायच्या. म्हणून 1986 मध्ये धातूची जाळी, म्हणजे साधा स्टेंट, आली. तिच्या आतही पेशी वाढून अडथळा होई, तेव्हा 2002-03 च्या सुमारास औषधाचा लेप दिलेले स्टेंट बाजारात आले.

ते सरस आहेतच. पण कशात? नॉर्वेतल्या 9,013 रुग्णांच्या अभ्यासात (2016) सहा वर्षांनंतर मृत्यू आणि हार्ट अटॅक मिळून साध्या आणि मेडिकेटेड अशा दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. पुन्हा प्रोसिजर करावी लागण्याचं प्रमाण मात्र साध्या स्टेंटमध्ये 19.8 टक्के आणि मेडिकेटेडमध्ये 16.5 टक्के होतं. अर्थात हे नव्या पिढीचे स्टेंट होते. तरी जास्तीच्या पैशांत नेमकं काय मिळतं, हे असं आकड्यांत सांगणारं दाराशी कोण असतं?

सगळ्यांत महाग होता तो शरीरात विरघळणारा स्टेंट. भारतात तो दीड लाखाच्या वर जाई. त्यात गुठळ्या होण्याचा धोका जास्त आढळला आणि 2017 मध्ये अ‍ॅबॉट कंपनीने ‘अ‍ॅब्सॉर्ब’ या आपल्या अशा स्टेंटची विक्री थांबवली. अनेक घरांनी तो सर्वोत्तम मानून विकत घेतला होता, याचं फार वाईट वाटतं.

दिल्ली उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर स्टेंट 2016 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्यासाठी 7,260 आणि मेडिकेटेडसाठी, विरघळणारा धरून, 29,600 रुपये कमाल किंमत ठरवली. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी दाखवणंही बंधनकारक झालं.

दर बांधले, तरी स्टेंट लागतोच का, हा प्रश्न दरात मावत नाही. हार्ट अटॅक आलेला असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते, तिथे थांबू नये. पण स्थिर अँजायनाच्या (श्रम केल्यावर छातीत दुखण्याचा, अटॅक नसलेला त्रास) 2,287 रुग्णांवरच्या ‘करेज’ चाचणीत (2007) गोळ्यांच्या जोडीला स्टेंट टाकून मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. अशा रुग्णाकडे दुसऱ्या डॉक्टरला विचारण्याइतका वेळ असतो.